नव्या नाण्याचे मोल



एखाद्या थोर व्यक्तीच्या, संताच्या किंवा राष्ट्रीय प्रसंगाच्या स्मरणार्थ सरकार वेळोवेळी चलनी नाणी काढीत असते. ही नाणी बँकेतून दुकानात, दुकानातून आपल्या हाती आणि आपल्या हातून पुन्हा बाजारात अशी फिरत राहतात. परंतु रामाकोना, सौसर, पांढुर्णा ह्या आपल्या भागात, आणि इतरत्रही, अशा नाण्यांविषयी दोन परस्परविरुद्ध समज एकाच वेळी नांदताना दिसतात. अपरिचित छापाचे दहा रुपयांचे नाणे दुकानदार ‘हे चालत नाही’ म्हणून परत करतो; आणि मोबाईलवर आलेल्या निरोपात तसलेच नाणे लाखो रुपयांचे ठरते. एकाच नाण्याचे मोल एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी लाख! ह्या दोन्ही समजांपायी शेवटी गरिबाच्याच घरचा पैसा जातो. म्हणून ह्या विषयाचा थोडा शांतपणे विचार करू.

प्रथम पहिला समज घेऊ. नाणे पुष्कळ वर्षे टिकते. त्यामुळे जुने छाप बाजारात असतानाच नवे छाप त्यांत येऊन मिसळतात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, तोवर दहा रुपयांची नाणी चौदा निरनिराळ्या छापांत निघाली असून ती सर्व वैध आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील किमतीची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तेव्हा छाप ओळखीचा नाही एवढ्यावरून कोणाचे दहा रुपये नाकारणे हा अन्याय होय.

आता दुसऱ्या समजाकडे वळू. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले. ते एक रुपया व पन्नास पैसे अशा दोन किमतींत होते. त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते विकून कोणी धनवान झाला नाही. कारण ते पुष्कळ निघाले आणि पुष्कळांनी जपून ठेवले. ह्याउलट १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅम वजनाचे असून त्यात शेकडा ऐंशी चांदी आहे. म्हणजे बारा ग्रॅम चांदी झाली. तिचे मोल सोनारही करील. ह्यावरून दिसते की केवळ जुनेपणाने किंमत येत नाही. ती धातूने येते, नाहीतर दुर्मिळतेने.

नवी स्मारक नाणी ठेवावीत की नाही, ह्याविषयी खुद्द संग्राहकांतही एकमत नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, जे नाणे कोट्यवधींच्या संख्येने टांकसाळीतून बाहेर पडते, ते साठवणे म्हणजे पैसा पेटीत निजवून ठेवणे. ते खर्चून टाकावे. दुसरा पक्ष म्हणतो की, प्रत्येक टांकसाळीचे एक कोरे नाणे ठेवावे. कोणत्या टांकसाळीने थोडी पाडली हे पुढे कळते, आणि झिजलेली नाणी पुष्कळ असली तरी कोरी थोडीच उरतात. तिसरा पक्ष किमतीचा विचारच करीत नाही. नाण्यावरील इतिहास मुलांस दाखविता यावा एवढ्यासाठी तो ते ठेवतो.

ह्या मतांची परीक्षा परदेशांत झालेली आहे. अमेरिकेने १९९९ ते २००८ ह्या काळात आपल्या पन्नासही राज्यांच्या स्मरणार्थ पाव डॉलरची नाणी काढली. लोकांनी ती बरण्या भरभरून साठविली. परंतु ती अब्जावधी निघाली होती, म्हणून त्यांतील बहुतेक नाणी आजही पाव डॉलरचीच आहेत. इंग्लंडमध्ये २००९ साली क्यू येथील वनस्पती-उद्यानाच्या स्मरणार्थ पन्नास पेन्सचे नाणे निघाले. ते चलनासाठी अवघे दोन लाख दहा हजारच पाडले गेले होते. ही संख्या लोकांस मागाहून कळली, आणि ते नाणे शंभराहून अधिक पौंडांस विकले जाऊ लागले. म्हणजे पहिल्या पक्षाचे म्हणणे बहुधा खरे ठरते, दुसऱ्याचे क्वचित.

आपल्याकडील नाण्याची टांकसाळ ओळखणे कठीण नाही. वर्षाच्या आकड्याखाली पाहावे. हिऱ्यासारखी लहान चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, वाटोळा ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. घरातील मुलांना हा खेळ म्हणून अवश्य शिकवावा. आणखी एक सूचना: ठेवावयाचे नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. घासलेले नाणे चकचकीत दिसते, पण संग्राहक त्याची किंमत कमी करतो. ते कडेने धरावे व साध्या कोरड्या कागदात ठेवावे.

आता त्या लाखांच्या निरोपाविषयी. माता वैष्णोदेवीच्या छापाची पाच व दहा रुपयांची नाणी २०१२ ची आहेत. त्यांस लाखो रुपये मिळतात अशी वार्ता वर्षानुवर्षे फिरत आहे. ती चलनातील साधी नाणी आहेत. निरोप पाठविणारा प्रथम गोड बोलतो, मग नोंदणीची फी मागतो, त्यानंतर कर, त्यानंतर दलाली. नाणे आपल्या पेटीतच राहते आणि संत्र्यांच्या हंगामाचे पैसे मात्र निघून जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव व चिन्ह वापरून अशी फसवणूक चालली असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असेही तिने सांगितले. एक सोपी कसोटी ध्यानात ठेवावी: खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. कोणी फसलाच तर लाजून गप्प बसू नये; १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

मग नव्या नाण्याला लिहिलेल्या आकड्यापलीकडे काहीच मोल नाही काय? तिसऱ्या पक्षाचे उत्तर येथे मला पटते. केरळातील भरणंगानमच्या संत अल्फोन्सा ह्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने २००९ साली पाच रुपयांचे नाणे काढले. त्यापूर्वीच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २००८ रोजी, त्यांना संतपद घोषित झाले होते. २०१० साली मदर तेरेसांच्या जन्मशताब्दीचेही पाच रुपयांचे नाणे निघाले. संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे व छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे १९९९ चे आहे. ह्यांपैकी एखादे सुट्ट्या पैशांत हाती आले, तर ते एक घरी ठेवावे आणि सायंकाळी मुलांस जवळ बसवून ती व्यक्ती कोण होती, तिने काय केले, हे सांगावे. रोगशय्येवर खिळलेली एक साधी धर्मभगिनी देशाच्या नाण्यावर कशी आली, हे मुलाला समजले, तर त्या पाच रुपयांचे पुरेपूर मोल वसूल झाले असे समजावे.

बाकीची नाणी खुशाल बाजारात जाऊ द्यावीत. मीठ, काडेपेटी, शाळेची वही ह्यांसाठी त्यांचे मोल कोणत्याही दुकानात ठरलेलेच आहे. ते ना कमी होते, ना एका रात्रीत लाखावर जाते. आणि पुढच्या बाजारी कोणी म्हातारी अनोळखी छापाचे दहाचे नाणे पुढे करील, तेव्हा ते निःशंकपणे घ्यावे.