गल्ल्यामागच्या माणसाचे संरक्षण

शटर अर्धे खाली ओढलेले असताना तीन-चार जण वाकून दुकानात शिरतात. 'दुकान बंद झाले' असे सांगूनही हलत नाहीत, शिवीगाळ करतात, एखादा नोकराची गचांडी धरतो. तुटपुंज्या पगारावर दिवसभर उभ्या असलेल्या त्या मुलाने काय करावे? हात उचलला तर आपणच गुन्हेगार ठरू, असे त्याला वाटते. आणि बहुधा त्याच्या मालकालाही.

ही समजूत खरी नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील 34 ते 44 ही कलमे आत्मसंरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. 1860 च्या दंडसंहितेतील 96 ते 106 या कलमांतून ती आली. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याचे शरीर आणि दुसऱ्याची मालमत्ताही त्यात येते. माल मालकाचा असला तरी तो राखण्याचा हक्क नोकराला आहे. हल्ला होत असताना माणसाने बळ तराजूत तोलून वापरावे अशी अपेक्षा अवास्तव आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दर्शनसिंग खटल्यात स्पष्ट केले.

मात्र उद्धट ग्राहक आणि अतिक्रमण करणारा यांत भेद आहे. दुकान सर्वांना खुले असते, म्हणून केवळ प्रवेश हा अपराध नव्हे. गुन्हा करण्याच्या, धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने जो बेकायदा थांबून राहतो, तो कलम 329 च्या कक्षेत येतो. साडी बदलून मागताना आवाज चढवणारी गृहिणी त्यात बसत नाही. तिला धक्का देणारा विक्रेता आत्मसंरक्षणाची ढाल पुढे करू शकणार नाही.

दुसरे टोक अधिक लाजिरवाणे. साबणाच्या दोन वड्या उचललेल्या पोराला पकडून खांबाला बांधायचे, चार जणांनी चोपायचे, आणि त्याला 'धडा शिकवला' म्हणायचे! पोर हाती लागले, माल परत मिळाला, तेथे धोका संपला. धोका संपला की हक्कही संपतो. पुढची प्रत्येक थप्पड हा मारहाणीचा गुन्हा आणि गोदामात डांबणे हा वेगळा गुन्हा. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी करणारा प्रथमच दोषी ठरला आणि त्याने माल वा किंमत परत केली, तर नव्या संहितेने त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. न्यायालय जेथे समाजसेवा सांगते, तेथे आपण हाडे मोडतो. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य नागरिकही गुन्हेगाराला पकडू शकतो, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.

खरा प्रश्न मालकांना विचारायचा आहे. 2017 च्या कायद्याने महाराष्ट्रातील दुकाने वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. धंदा वाढला, पण रात्री गल्ल्यावर माणूस एकटाच. 'चोर सुटता कामा नये' अशी तोंडी ताकीद मालक देतो आणि फिर्याद होते तेव्हा नाव नोकराचे असते. डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी राज्याने 2010 मध्ये कायदा केला. स्कॉटलंडने 2021 मध्ये दुकान-कर्मचाऱ्यांसाठी तसा कायदा केला. आपल्याकडील व्यापारी संघटना करांविरुद्ध बंद पुकारतात; नोकरांसाठी अशी मागणी त्यांनी अद्याप लावून धरलेली नाही. ती होईल तेव्हा होवो. तोवर रात्री दुसरा माणूस ठेवणे, कॅमेऱ्यातील चित्रण जपणे आणि खटला झालाच तर वकिलाचा खर्च उचलणे एवढे तर प्रत्येक मालकाला आजच करता येईल.