कॉलर वाघाला, जाग कोणाला?

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९मध्ये एक तरुण वाघ हद्दीच्या शोधात निघाला आणि नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला. तेलंगणाचा सीमाभाग, मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ पालथा घालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत दडायचे आणि रात्री शेते, कालवे, महामार्ग ओलांडायचे, असा त्याचा क्रम होता. एवढ्या प्रवासात माणसाशी झटापट झाली ती एकदाच. तीही तो विसावला होता त्या झुडपात माणसे शिरली तेव्हा. हे सारे कळले ते गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. त्याच्या पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद तिने पाठवली.

त्याआधी, २००९मध्ये, ‘आजोबा’ या बिबट्याचा असाच प्रवास कॉलरने दाखवला होता. नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला हा बिबट्या कॉलर लावून माळशेज घाटात सोडला गेला. तिथून सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. २०११मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. समुद्री जिवांवरही हेच तंत्र वापरले गेले. वेळासच्या किनाऱ्यावर २०२२मध्ये ‘प्रथमा’ या कासविणीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसला. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. किनाऱ्यावरची अंडी कासवमित्र जीव लावून जपतात. पण खोल समुद्रातल्या जाळ्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या टॅगनेच ऐरणीवर आणला.

कॉलर म्हणजे कवचकुंडले नव्हेत. उमरेड-कऱ्हांडल्याच्या ‘जय’ वाघाच्या गळ्यात कॉलर होती. एप्रिल २०१६मध्ये संदेश थांबला आणि जय पुन्हा दिसलाच नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७मध्ये नागभीडजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. २०२३च्या पावसाळ्यात कूनोतील चित्त्यांच्या कॉलरखाली जखमा चिघळल्या आणि कॉलरी काढाव्या लागल्या. २०१३मध्ये पन्नातील वाघाच्या नोंदी ज्या ईमेलवर यायच्या, त्यात घुसण्याचाही प्रयत्न झाला. म्हणून कॉलर लावणाऱ्याने तिच्या वजनाची, जखमांची आणि नोंदींच्या गुप्ततेची हमी द्यायलाच हवी. संदेश थांबला, तर शोधपथक त्याच दिवशी निघाले पाहिजे.

खरे दुखणे मात्र वेगळे आहे. वाघ कुठून जातो हे वनखात्याला ठाऊक असते, पण रस्ता आखणाऱ्या खात्याच्या टेबलावर तो नकाशा पोहोचत नाही. रस्ता, कालवा, रेल्वे, वीजवाहिनी हे सगळे आधी आखले जाते आणि वन्यजीवांचा विचार हरकती आल्यावर होतो. पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले गेले, तेही न्यायालयीन लढाईनंतर. आज तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ रस्त्याखालून जाताना दिसतात. म्हणजे उपाय आहे आणि तो चालतोही. अडचण एवढीच की त्यासाठी दरवेळी कोर्टाची पायरी चढावी लागते.

शेतकऱ्याची बाजूही इथेच येते. रानडुकरांनी पीक फस्त केले की तो हताश होऊन कुंपणात वीज सोडतो आणि त्यात वाघ मरतो. वाघ शिवारात आल्याचा इशारा गावाला वेळेवर मिळाला, नुकसानभरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले नाहीत आणि सौरकुंपण खरोखर हाती पडले, तर कुंपणात वीज सोडण्याचे कारणच उरणार नाही.

जनतेच्या पैशातून मिळालेल्या या नोंदी शोधनिबंधात आणि कपाटात अडकून राहता कामा नयेत. नेमके ठिकाण गुप्त ठेवूनही संचारमार्गांचा नकाशा प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याला आणि बांधकाम खात्याला देता येतो. राज्य सरकारने एक नियम करावा: ज्या पट्ट्यातून वन्यप्राण्यांच्या संचाराची नोंद आहे, तिथल्या कोणत्याही प्रकल्पाच्या प्रस्तावाला हा नकाशा जोडलेला असावा, नसेल तर प्रस्ताव तपासायलाही न घेता परत पाठवावा.