कोंबडीची पिसे टाकाऊ नव्हेत

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुक्कुटपालन शेतीचा जोडधंदा म्हणून चांगलेच रुजले आहे. कोंबडीखताला येथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. पिसांच्या वाट्याला मात्र ओढ्याचा काठ किंवा रस्त्याकडेचा चर येतो. तेथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर उसातला बिबट्या वस्तीपर्यंत येतो. असा कचरा उघड्यावर टाकू नये, असे वन विभाग वारंवार बजावतो ते याचसाठी.

कोंबडीच्या वजनात पिसांचा भाग शेकडा 5 ते 7 असतो. दररोज 2 किलोचे 50 पक्षी कापणाऱ्या दुकानात 5 ते 7 किलो पिसे निघतात. वाळलेल्या पिसांत शेकडा 80 हून अधिक प्रथिन असते. सोयाबीनच्या पेंडीत ते 45 च्या आसपास असते. परंतु पिसांतील प्रथिन म्हणजे केराटिन. शिंग व नख ज्याचे बनते तेच. गंधकाच्या बंधांनी ते इतके घट्ट बांधलेले असते की कच्चे पीस पक्ष्याला पचत नाही. चुलीवर साधे उकळूनही हे बंध पुरेसे तुटत नाहीत. बंद पात्रात वाफेच्या दाबाखाली अर्धा ते एक तास शिजवून, वाळवून, दळल्यावरच त्याचे उपयोगी पीठ होते. त्यातही लायसिन व मेथिओनिन कमी असल्याने 100 किलो कोंबडीखाद्यात ते 2 ते 3 किलोच मिसळणे इष्ट.

म्हणून घरोघरी पिसांचे खाद्य करण्याचा उपदेश कोणी करू नये. एका दुकानाच्या पिसांवर वाफेचे यंत्र चालणार नाही. नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील दुकानांची पिसे सडण्यापूर्वी, रोजच्या रोज एकत्र झाली तरच हा उद्योग उभा राहील. ज्या तालुक्यांत दूध गावोगाव गोळा होते, तेथे पिसे गोळा होणे अशक्य आहे, हे पटण्याजोगे नाही. ग्रामपंचायतींनी व दुकानदारांनी एकत्र बसून हा प्रश्न हाती घ्यावा.

तोपर्यंत खड्डा हाच मार्ग. वाळलेल्या पिसांत शेकडा 14 च्या सुमारास नत्र असते, पण ते सावकाश सुटते. वस्तीपासून दूर, कुंपण घातलेल्या खड्ड्यात पिसे, शेण व उसाचे पाचट यांचे थर द्यावेत, ओल राखावी आणि कुत्र्यांनी उकरू नये इतकी जाड माती वर टाकावी. पिसे कुजण्यास काही महिने लागतात. घाई करू नये.

रोगाने मेलेल्या पक्ष्यांची पिसे मात्र खाद्यातही नकोत आणि या खड्ड्यातही नकोत. 2006 साली नवापूरला बर्ड फ्ल्यूने काय घडले ते कुक्कुटपालक विसरलेले नाहीत. असे पक्षी आढळताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि तेथून सांगतील त्याप्रमाणेच त्यांची विल्हेवाट लावावी.