पाळणाघरे, जननदर आणि एक चुकीचा हिशेब

बालसंगोपनावर सरकारने अधिक खर्च करावा असा प्रस्ताव आपल्याकडे कोणी मांडला, की चर्चेच्या शेवटी दक्षिण कोरियाचे नाव हमखास निघते. युक्तिवाद ठरलेला असतो. कोरियाने २००६ पासूनच्या पहिल्या सोळा वर्षांत जननदर वाढवण्याच्या नावाखाली सुमारे २८० लाख कोटी वोन खर्च केले, शून्य ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचे पाळणाघर सरकारी खर्चाचे केले, आणि तरीही एकूण जननदर २०१८ मध्ये एकाच्या खाली गेला व २०२३ मध्ये ०.७२ वर आला. तात्पर्य, हा पैसा पाण्यात गेला. तेव्हा आपण त्या वाटेला जाऊ नये. अर्थशास्त्राच्या भाषेत मांडलेला हा युक्तिवाद ऐकणाऱ्याला निरुत्तर करतो. माझ्या मते तो अर्थशास्त्र म्हणूनही चुकीचा आहे आणि इतिहास म्हणूनही. (येथील मते अर्थातच माझी व्यक्तिगत आहेत.)

प्रथम इतिहास पाहू. मार्च १९९० मध्ये सोल शहराच्या मांगवोन-दोंग भागात तळघरातील एका भाड्याच्या खोलीला आग लागली आणि दोन लहान भावंडे गुदमरून मरण पावली. वडील पहारेकरी होते, आई लोकांकडे घरकामाला जात असे. मुलांजवळ थांबणारे कोणी नव्हते, म्हणून खोलीला बाहेरून कुलूप लावलेले होते. या घटनेने कोरियन समाज हादरला आणि पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, शिशुसंगोपन कायदा झाला. आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या वेळी कोरियन सरकारचे अधिकृत धोरण कुटुंबनियोजनाचे, म्हणजे जन्म कमी करण्याचे होते. ते १९९६ मध्ये बदलले. ज्या कायद्यावर आजची पाळणाघर व्यवस्था उभी आहे, तो अधिक मुले व्हावीत यासाठी झालाच नव्हता. कामावर गेलेल्या आईला दाराला कुलूप लावावे लागू नये, एवढेच त्याचे प्रयोजन होते. पुढे २००५ मध्ये अल्प जननदराविषयीचा मूलभूत कायदा झाला, पंचवार्षिक योजना आल्या आणि पाळणाघर लोकसंख्येच्या उद्दिष्टाला जुंपले गेले. साधन तेच राहिले, पण त्याचे माप बदलले. त्या दुसऱ्या मापाने पहिल्या कामाला नापास ठरवणे हा कोणता न्याय?

२८० लाख कोटींच्या आकड्याविषयीही एक शब्द. त्यात केवळ पाळणाघरे नाहीत. तरुणांच्या व नवविवाहितांच्या घरांसाठीच्या साहाय्यापासून कितीतरी बाबी त्या शीर्षकाखाली गोळा केलेल्या आहेत. शिवाय हा खर्च झालाच नसता तर जननदर कुठे गेला असता, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सोलमधील घरांच्या किमती, कामाचे लांबलेले तास, आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडीच्या) सदस्य देशांत सर्वाधिक असलेली स्त्री-पुरुष वेतनाची तफावत आणि शिकवण्यांचा खर्च, एवढ्या सगळ्यांचा भार तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गाने उचलावा अशी अपेक्षा करणे म्हणजे छत्रीने पूर अडवण्यासारखे आहे.

मग कोरियात चूक झालीच नाही काय? झाली, आणि मोठी झाली. परंतु ती खर्च करण्याची नव्हे, खर्चाच्या पद्धतीची होती.

कोरियाने पाळणाघरे बांधण्याऐवजी पाळणाघराची सेवा विकत घेतली. २००९ पासून अनुदान पालकांच्या कार्डामार्फत जाऊ लागले आणि मार्च २०१३ मध्ये उत्पन्नाची अट काढून ते सर्वांना खुले झाले. 'पैसा पालकाच्या मागे जाऊ द्या, बाजार सेवा पुरवील' हा सल्ला आपल्याकडेही लोकप्रिय आहे. बाजाराने सेवा पुरवली यात शंका नाही. २०१३ मध्ये पाळणाघरांची संख्या ४३ हजारांच्या वर गेली. त्यांतील बहुसंख्य खाजगी होती आणि त्यांतही मोठा वाटा इमारतींमधील सदनिकांत वीसपर्यंत मुले सांभाळणाऱ्या घरगुती पाळणाघरांचा होता. पुढे मुलेच घटली, आणि २०२३ च्या अखेरीस ही संख्या २९ हजारांच्या खाली आली.

या बाजाराची रचना नीट पाहा. एका बाजूला मुलांचे प्रमाण कायद्याने ठरलेले: एका शिक्षिकेमागे शून्य वयाची तीन, एक वर्षाची पाच, दोन वर्षांची सात, तीन वर्षांची पंधरा आणि त्यापुढील वीस मुले. दुसऱ्या बाजूला शुल्काची कमाल मर्यादाही सरकारने ठरवलेली. जागेचे भाडे बाजारभावाने, आणि पाळणाघर उघडे ठेवण्याची वेळ सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत. खर्चाच्या या समीकरणात चालकाच्या हाती लवचीक असे एकच पद उरते, ते म्हणजे शिक्षिकेचे वेतन. सरकारी पाळणाघरांतील शिक्षिकांना वेतनश्रेणी लागू आणि खाजगीतल्या अनेकींना जेमतेम किमान वेतन, ही विषमता कोणा एका चालकाच्या लोभातून आलेली नाही. ती रचनेतच आहे.

विल्यम बाउमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की वाद्यवृंदातील चार वादकांचे काम तीन वादक करू शकत नाहीत. अशा व्यवसायांत उत्पादकता वाढत नाही, पण इतरत्र वेतने वाढली की येथेही ती द्यावी लागतात. तान्ह्या मुलांचे संगोपन हे याचे सर्वांत शुद्ध उदाहरण. तीन बाळांमागे एक माणूस म्हणजे एक माणूस. यंत्राने ते प्रमाण सहावर नेता येत नाही. जो देश हा खर्च उघडपणे उचलत नाही, तो ते ओझे सांभाळणाऱ्या स्त्रीच्या पाठीवर टाकतो.

आणि मग अविश्वास जन्माला येतो. जानेवारी २०१५ मध्ये इंचॉन येथील एका पाळणाघरात शिक्षिकेने किमची न खाणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला मारल्याचे चित्रण देशभर दाखवले गेले. संताप योग्यच होता. पण व्यवस्थेचे ठळक उत्तर काय, तर कॅमेरे! मार्च २०१५ मध्ये संसदेत फेटाळले गेलेले कॅमेरासक्तीचे विधेयक एप्रिलमध्ये मंजूर झाले. चित्रण साठ दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. परंतु कॅमेरा मारहाणीचा पुरावा देतो. दमलेल्या शिक्षिकेला तासाभराची विश्रांती देत नाही, पंधरा मुलांची बारा करत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिम्पो येथे एका शिक्षिकेवर स्थानिक मातांच्या संकेतस्थळावर दुर्वर्तनाचा आरोप झाला, तिची ओळख पसरवली गेली आणि काही दिवसांतच तिने जीवन संपवले. आई शिक्षिकेकडे संशयाने पाहते आणि शिक्षिका आईला भिते, अशा ठिकाणी मूल कशाच्या आधारावर वाढणार?

त्याच महिन्यात खाजगी बालशाळांच्या लेखापरीक्षणाचे निष्कर्ष एका खासदारांनी जाहीर केले आणि सार्वजनिक पैसा चालकांच्या खाजगी खरेदीवर गेल्याचे उघड झाले. हिशेब पारदर्शक करणारे तीन कायदे मंजूर व्हायला जानेवारी २०२० उजाडले. मधल्या काळात, मार्च २०१९ मध्ये, चालकांच्या संघटनेने बालशाळा उघडणेच लांबणीवर टाकण्याचे हत्यार उपसले. सेवा पूर्णपणे खाजगी पुरवठादारांच्या हाती दिली, की नियमन करताना सरकारला ओलीस राहावे लागते, हा धडा प्रत्येक प्रशासकाने लिहून ठेवावा.

कोरियाने योग्य दिशेने टाकलेली पावलेही सांगितली पाहिजेत. २०१२ मध्ये पाच वर्षांच्या आणि २०१३ पासून तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी 'नुरी' हा समान अभ्यासक्रम आला; मूल पाळणाघरात असो वा बालशाळेत, शिकायचे एकच. पण शिकवणाऱ्या दोघींची पात्रता, वेतन आणि सुट्ट्या वेगळ्याच राहिल्या, कारण पाळणाघरे आरोग्य व कल्याण मंत्रालयाकडे आणि बालशाळा शिक्षण मंत्रालयाकडे होत्या. जून २०२४ मध्ये दोन्ही शिक्षण मंत्रालयाखाली आणण्यात आल्या. हे स्वागतार्ह आहे. मात्र नस्त्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेल्याने वेतनातील दरी बुजत नाही, हे आम्हा अधिकाऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार?

आता आपल्याकडे वळू. आपल्या अंगणवाड्या १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांतून सुरू झाल्या. कोरियाने ज्यासाठी कार्डे वाटली, ते सार्वजनिक जाळे आपल्याकडे गावोगाव आधीच आहे. पण ते चालवणाऱ्या सेविकेला आपण कर्मचारी मानत नाही. ती 'मानसेवी', म्हणून तिला वेतन नाही, मानधन. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ते महिना ४,५०० रुपये ठरवले, राज्ये त्यात आपली भर घालतात. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. जिच्या हाती देशाची पहिली सहा वर्षे आहेत, तिला 'मान' देतो म्हणून 'धन' कमी द्यायचे, ही तर शब्दांची लबाडी झाली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: कोरियाचे उदाहरण जरूर द्या, पण पुरते द्या. त्या देशाचा अनुभव 'खर्च करू नका' असे सांगत नाही. सांभाळणाऱ्या हातांना स्वस्त ठेवून संगोपन विकत घेता येत नाही, असे तो सांगतो. पाळणाघराचे मूल्यमापन करायचे तर मुलाची वाढ कशी झाली, आई निर्धास्तपणे कामावर गेली का, आणि शिक्षिका पाच वर्षांनंतरही त्याच कामावर आहे का, हे विचारावे. पुढच्या वर्षी किती मुले जन्मली हा त्याच्या परीक्षेतला प्रश्नच नव्हे. जी मुले जन्माला आली आहेत, त्यांचे आपण काय केले, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.