रात्रीचा भात आणि सकाळचा वजनकाटा

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात पानं वाढायला सुरुवात झाली की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मला भात नको हं, रात्रीचा बंद केलाय." कारण विचारलं तर उत्तरं मात्र वेगवेगळी मिळतात. एक काकू सांगतात, दिवेलागणीनंतर खाल्लेल्या भाताची थेट चरबी होते. एक काका सांगतात, सकाळी पोटभर खावं आणि रात्री नुसतं सूप प्यावं. जिमला जाणारा त्यांचा नातू सांगतो, कर्बोदकं खायची ती फक्त व्यायामानंतर. तिघांचंही वजन थोडंफार उतरलेलं असतं, त्यामुळे तिघंही आपापल्या मतावर ठाम असतात.

या सदरात आपण अशा ऐकीव गोष्टी हिशेबाला बसवून बघतो. या वेळचा प्रश्न असा: तेवढाच भात, तेवढीच पोळी, फक्त खायची वेळ बदलली, तर वजन कमी होतं का?

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी रुळावर आली, तर ती कशामुळे आली हे कळत नाही. रात्रीचा भात बंद करणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. भात रात्रीचा गेला, पण तो सकाळी जादा खाल्ला गेला नाही. म्हणजे वेळही बदलली आणि एकूण खाणंही कमी झालं.

ते किती कमी झालं? शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १३० कॅलरी असतात. आपली मध्यम वाटी १५० ग्रॅमची धरली तर दोन वाट्या भाताच्या झाल्या ३९०. त्यावर चमचाभर तूप, म्हणजे आणखी ४५. हे सगळं सोडून एक वाडगा सूप घेतलं, तर दिवसाला ३०० कॅलरी सहज वाचतात. महिन्याच्या झाल्या ९,०००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. महिन्याला किलोभर वजन उतरण्याचं कोडं एवढ्यातच सुटतं, त्यासाठी घड्याळाकडे बघायची गरज पडत नाही.

पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात, त्याचं कारण आणखी वेगळं आहे. आपलं शरीर कर्बोदकांचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं एकदम कमी केली की हा साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जातं. वजनकाटा खाली येतो, पण चरबी बरीचशी तिथेच असते. लग्नाच्या पंगतीत दोन दिवस जेवलं की "वजन परत आलं" म्हणून जे वाईट वाटतं, तेही बहुतेक हेच पाणी.

आता वेळेचा प्रश्न वेगळा काढून तपासणाऱ्या प्रयोगांकडे येऊ. इस्राएलमध्ये ७८ लठ्ठ पोलिसांवर सहा महिने एक प्रयोग झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखाच कमी कॅलरींचा आहार होता. एका गटाने कर्बोदकं दिवसभर विभागून खाल्ली, दुसऱ्याने बहुतेक सगळी रात्रीच्या जेवणात. ही कल्पना सुचली ती रमजानच्या उपवासांवरच्या अभ्यासांतून. दिवसभर काही न खाता संध्याकाळी जेवलं, तर भूक शमवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची दिवसभरातली चढउतार बदलते, असं त्यांत दिसलं होतं. हैदराबादेत राहणाऱ्या आपल्याला इफ्तारची ताटं नवी नाहीत. निकाल काय लागला? वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि रात्री कर्बोदकं खाणाऱ्यांचं थोडं जास्तच. दिवेलागणीनंतरच्या भाताची थेट चरबी होत असती, तर हे घडलंच नसतं.

मात्र इस्राएलमध्येच २०१३ साली उलटा निकाल आला. ९३ स्त्रियांना १२ आठवडे रोज १,४०० कॅलरींचा आहार दिला. एका गटाला न्याहारीला ७०० आणि रात्री २००, दुसऱ्याला न्याहारीला २०० आणि रात्री ७००. न्याहारीवाल्या गटाचं वजन सरासरी ८.७ किलो उतरलं, रात्रीवाल्यांचं ३.६. हा प्रयोग "सकाळी राजासारखं खा" म्हणणाऱ्यांचा लाडका आहे. पण इथे जरा पाटी-पेन्सिल घेऊ. फरक पाच किलोंचा, म्हणजे सुमारे ३९,००० कॅलरी. १२ आठवड्यांचे दिवस ८४. रोजचा फरक झाला साडेचारशेहून जास्त. नुसती वेळ बदलल्याने शरीर रोज साडेचारशे कॅलरी जास्त जाळेल, हे मला पटत नाही. त्याच प्रयोगात रात्रीवाल्या गटाला दिवसभर भूक जास्त लागत होती, अशी नोंद आहे. बायका घरी राहत होत्या आणि स्वयंपाकघर हाताशी होतं. उपाशीपोटी चार वाजता काय होतं ते आपण सगळे जाणतो.

ही शंका फेडणारा प्रयोग स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला झाला. २०२२ साली त्याचे निकाल आले. सगळं जेवण संशोधकांनीच बनवून दिलं. त्याच ३० माणसांनी चार आठवडे ४५ टक्के कॅलरी सकाळी आणि २० टक्के रात्री खाल्ल्या, आणि चार आठवडे बरोबर त्याच्या उलट. शरीर किती ऊर्जा जाळतं हेही मोजलं. वजन दोन्ही वेळा सरासरी ३.३ किलोच्या आसपास उतरलं. जाळलेल्या ऊर्जेतही फरक पडला नाही. फरक पडला तो भुकेत: सकाळी जास्त खाल्लं तेव्हा दिवसभर भूक कमी लागली.

त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनला १६ जणांना प्रयोगशाळेत ठेवून तेच जेवण एकदा लवकर आणि एकदा चार तास उशिरा दिलं. उशिरा जेवल्यावर भूक वाढली, लेप्टिन कमी झालं आणि शरीराने जाळलेली ऊर्जाही किंचित घटली. घट साधारण ६० कॅलरींची, म्हणजे एका लहानशा फुलक्याएवढी. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर कमी कॅलरींवर ठेवलं आणि त्यांतल्या निम्म्यांना फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायला सांगितलं. वर्षअखेर दोन गटांच्या वजनात ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही.

हे सगळं एकत्र ठेवलं की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. वजन ठरतं ते मुख्यतः दिवसाच्या एकूण खाण्यावर. वेळेचा परिणाम होतो तो बराचसा भुकेच्या वाटेने. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटांवर बाहेर पडणारा माणूस संध्याकाळी इराणी चहाबरोबर उस्मानिया बिस्किटांचा अर्धा पुडा संपवतो. रात्रीचा भात सोडणारा साडेदहाला फरसाणाचा डबा उघडतो. हिशेबाच्या वहीत भाताची ओळ कोरी राहते, पण बेरीज तीच येते.

इथवर वजनाचं झालं. रक्तातल्या साखरेचं गणित वेगळं आहे, आणि आपण नेमकी इथेच गल्लत करतो. शरीरातल्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. या घड्याळामुळे तोच भात सकाळी खाल्ला तर साखर कमी चढते आणि रात्री उशिरा खाल्ला तर जास्त चढते. मधुमेह असलेल्यांना हे महत्त्वाचं आहे. पानातला क्रमही कामाचा. न्यूयॉर्कमध्ये ११ मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात भाजी आणि प्रथिनं आधी आणि पाव पंधरा मिनिटांनी खाल्ला, तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्के कमी निघाली. जेवण तेच होतं, फक्त क्रम बदलला होता.

पण साखरेसाठी कर्बोदकांची वेळ बदलायची, तर औषधाचा हिशेब त्याबरोबर बदलावा लागतो. हे आमच्या घरात आम्ही जवळून पाहिलं. माझ्या सासूबाईंना बारा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी एका ओळखीच्या बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी रात्रीचा भात-पोळी बंद केली. साडेसहाला वाटीभर सूप प्यायच्या आणि आम्ही जेवायला बसलो की आपल्या खोलीत जाऊन टीव्ही लावायच्या. दहाव्या दिवशी पहाटे तीन वाजता घामाने भिजून, हात थरथरत उठल्या. साखर मोजली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. सकाळी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आजी, गोळी तीच आणि जेवण निम्मं, असं कसं चालेल?" त्यांची रात्रीची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोटात कर्बोदकं नसली तरी गोळी आपलं काम करतच राहते. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असणाऱ्यांनी रात्रीचा भात डॉक्टरांना न विचारता अजिबात बंद करू नये. घरात कुणी असं केलं असेल, तर आजच विचारा.

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्याच शहरात, तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आहार मार्गदर्शिकेत दिलं आहे. २,००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. ही वजनं कच्च्या मालाची. धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंत कॅलरी याव्यात असं ती सांगते. आपल्याकडे त्या ५० ते ७० टक्के येतात. २५० ग्रॅम धान्य घरच्या भाषेत म्हणजे सकाळी ५० ग्रॅम पोहे, दिवसभरात ३० ग्रॅम पिठाचे चार फुलके आणि ८० ग्रॅम तांदळाचा, साधारण दीड वाटी भात. वजन उतरवायचं असेल तर याहून थोडं कमी. हा भात दुपारी खायचा की रात्री, याची मुभा निरोगी माणसाला आहे.

आमच्यासारख्या रात्री उशिरापर्यंत अमेरिकेशी बोलणाऱ्यांना सातला जेवणं जमणार नाही. तिथे मी तीनच गोष्टी पाळते. मीटिंगच्या आधीच जेवण उरकायचं, म्हणजे साडेअकराला भूक घेऊन स्वयंपाकघरात शिरणं होत नाही. न्याहारीला पोह्यांबरोबर मोड आलेली मटकी किंवा अंडं घ्यायचं. आणि पानात आधी कोशिंबीर, उसळ, मग भात.

सासूबाईंची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आणि जेवणही आखून दिलं. त्या आता आमच्याबरोबर साडेआठला बसतात. कोशिंबीर, भाजी, एक फुलका आणि शेवटी अर्धी वाटी वरणभात. नातवंडांची शाळेतली भांडणं त्यांना पानावरच कळतात. सहा महिन्यांत त्यांचं वजन तीन किलो उतरलं, तेही सावकाश. महिनाभर एकत्र न जेवता दोन किलो उतरवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण हे टिकतंय.

तुम्हाला वेळ बदलून बघायचीच असेल आणि औषधं चालू नसतील, तर खुशाल बघा. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला. चार आठवडे खाणं तेवढंच ठेवा, वेळ तेवढी हलवा, आणि आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी वजन करा. रोजच्या काट्यावर दिसतं ते बहुतेक पाण्याचं वर-खाली होणं.

पुढच्या अंकात तेलाच्या बुधलीचा हिशेब मांडू. तोवर एक काम करा: तुमच्या घरच्या भाताच्या वाटीत नक्की किती ग्रॅम भात मावतो, ते एकदा काट्यावर ठेवून बघा. आमच्या वाटीत मावला २१० ग्रॅम.