अस्सल आणि नक्कल

पाठीवर सॅक मारून थोड्या दिवसांत मोठा मुलूख पालथा घालणाऱ्या प्रवाशाला शहरांविषयीचा निवाडा उभ्याउभ्याच करावा लागतो. आणि दक्षिण अमेरिकेत ला पाझ व ब्युनोस आयर्स ही शहरे लागोपाठ पाहणाऱ्यांच्या तोंडून तर मी एकच निवाडा पुनःपुन्हा ऐकला, तो असा की बोलिव्हियाचे ला पाझ हे अस्सल आणि अर्जेंटिनाचे ब्युनोस आयर्स म्हणजे पॅरिसची नक्कल. मीही ही शहरे सवडीने पाहिली असा माझा दावा नाही. परंतु या निवाड्यात दोन्ही पक्षकारांवर अन्याय झालेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ला पाझ प्रथमदर्शनीच माणसाला नमवते, हे खरे. सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, जेथे चार पायऱ्या चढताच धाप लागते आणि पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागत असल्याने डाळ शिजण्याची आशा कुकरवाचून कोणी धरू नये, तेथे एका विस्तीर्ण दरीच्या पोटात हे शहर वसले आहे, आणि त्याच्या माथ्यावर, आणखी सुमारे ५०० मीटर वर, पठारावर एल आल्तो हे दुसरे शहर पसरले आहे. मुंबईत मलबार हिलवर घर असणे ही ऐपतीची खूण. येथे मात्र श्रीमंतांनी दरीच्या तळाशी, जेथे हवा दाट आणि थंडी कमी, तेथे आपले बंगले बांधले, व वरची बोचरी हवा खेड्यांतून आलेल्या आयमारा या मूळ रहिवासी समाजातील कष्टकऱ्यांच्या वाट्याला आली. या दोन थरांना जोडणारा रोपवे २०१४ साली सुरू झाला. तो ऑस्ट्रियन बनावटीचा आहे, आणि त्याचे डबे कचेरीला जाणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या सामान्य माणसांनी भरलेले असतात.

अशाच एका डब्यात माझ्यासमोर एक प्रौढ चोलिता, म्हणजे पारंपरिक वेषातली आयमारा स्त्री, बसली होती : पोलेरा म्हणतात तो घेरदार, चुणीदार घागरा, पाठीवर रंगीत पट्ट्यांच्या कापडाचे गाठोडे, आणि दोन लांब वेण्यांच्या वर, कशाच्या आधाराने राहिली होती कोण जाणे, अशी एक तपकिरी बोलर हॅट. गाठोड्यातून विजेच्या तारेची भेंडोळी डोकावत होती आणि बाई दूरध्वनीवर कोणाला तरी भावावरून फैलावर घेत होत्या. शेजारच्या दोघा तरुण प्रवाशांनी हळूच तिचे छायाचित्र टिपले. त्यांच्या लेखी हेच ते अस्सलपण. पण पोलेऱ्याचे मूळ स्पॅनिश अंमलातील स्त्रियांच्या वेषात आहे, आणि ती टोपी तर युरोपातून विसाव्या शतकात आली. आयमारा स्त्रियांनी परक्यांचा हा माल घेतला आणि तो असा काही अंगवळणी पाडला की आज त्याच्याशिवाय त्यांची ओळख पुरी होत नाही. उलट, संसदेच्या इमारतीवरील घड्याळाचे काटे २०१४ साली उलट्या दिशेने फिरू लागले, ते दक्षिण गोलार्धाचा स्वाभिमान म्हणून, सरकारी हुकुमाने. परक्या टोपीपुढे हे हुकमी देशीपण मला फारच केविलवाणे वाटले.

आता ब्युनोस आयर्सची बाजू. तेथील रुंद राजमार्ग, मनोरे आणि घुमट पाहून पॅरिसची आठवण होते, आणि ती व्हावी हाच बांधणाऱ्यांचा हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु १८९४ साली पुरा झालेला तेथील पाण्याचा प्रासाद पाहा. बाहेरून विलायतेहून मागविलेल्या झिलईदार मातीकामाने नखशिखान्त मढविलेला हा राजवाडा आत निव्वळ लोखंडी टाक्यांचा सांगाडा आहे, आणि शहरभरच्या घरांच्या नळ-गटारांच्या नकाशांचे दप्तर आज तेथे जपलेले आहे. हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हता. १८७१ च्या पीतज्वराने या शहरातील तेरा-चौदा हजार माणसे नेली, शुद्ध पाण्याची निकड तेव्हा कळली. त्याच साथीत दक्षिणेकडील सान तेल्मोतले धनिक वाडे सोडून उत्तरेकडे पळाले, आणि त्या रिकाम्या वाड्यांच्या खोल्याखोल्यांतून इटलीहून व स्पेनहून आलेली गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. १९१४ च्या शिरगणतीत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती परदेशात जन्मलेली निघाली. ज्या गावातील निम्मी माणसेच युरोपातून आली, त्या गावाने युरोपसारखे दिसण्याला नक्कल म्हणायचे कोणत्या न्यायाने?

शिवाय ही दोन शहरे परस्परांना परकी नाहीत. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरातील चांदी स्पॅनिश दरबाराच्या नियमानुसार पेरूतील लिमामार्गेच जाणे बंधनकारक होते, आणि ब्युनोस आयर्सचे बंदर बरीच वर्षे चोरट्या व्यापारावरच गुजराण करीत होते. १७७६ साली नवा सुभा निर्माण झाला, ब्युनोस आयर्स त्याची राजधानी ठरली, आणि पोतोसी व ला पाझ यांसह आजचा बहुतेक बोलिव्हिया तिच्या कारभाराखाली आला. चांदी सनदशीरपणे अटलांटिककडे वाहू लागली. बंदराच्या भरभराटीत तिचा वाटा मोठा होता. खाणीत राबणारी रयत डोंगरावर, जकातीचा खजिना बंदरावर, असा तो हिशेब होता.

तो सुभा केव्हाच मोडला, पण डोंगरावरून बंदराकडे येणारी वाट मोडली नाही. आता तिच्यावरून माणसे येतात. ब्युनोस आयर्सच्या ऑन्से स्थानकावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोकलने लिनिएर्सला उतरावे. स्थानकालगतच्या गल्ल्यांतून बोलिव्हियन बायका किन्वा, नाना रंगांच्या मिरच्या, आणि रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळविलेला बटाटा, म्हणजे चुन्यो, पोत्यांतून मांडून बसलेल्या दिसतील. शहरातील भाजीची कितीतरी दुकाने त्यांच्याच देशबांधवांची आहेत, आणि शिवणकामाच्या अंधाऱ्या कारखान्यांतही तेच लोक कमी मजुरीवर राबतात, याची वाच्यता मात्र प्रवासी पुस्तकांत होत नाही. ब्युनोस आयर्सला ‘अस्सल काही नाही’ म्हणून एका दिवसात काढता पाय घेणाऱ्यांनी तो दिवस लिनिएर्सला घालवावा; तिकीट अगदी स्वस्त आहे, आणि चुन्यो नावडला तर भाजलेल्या मक्याचे दाणे तेथे हमखास मिळतात.