मनोरा, मधमाशी आणि मोजमाप

आमच्या देवपुराबाहेर हल्लीं शेताच्या बांधाला मोबाईलचा मनोरा दिसणें नवलाचें राहिलें नाहीं. भाडें मिळतें म्हणून एक शेतकरी जागा देतो. शेजारी म्हणतो, याच्या लहरींनीं माशा गेल्या, कांद्याच्या डोंगळ्यांत बीं भरत नाहीं. यावरून सख्ख्या भाऊबंदांत अबोला झालेला आम्हीं पाहिला आहे.

रेडिओलहरींचा सजीवांवर निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. जोर पुरेसा असल्यास शरीर तापतें. मायक्रोवेव्ह शेगडी याच धर्मावर चालते. क्ष-किरणांप्रमाणें रेणूंचे बंध तोडण्याची शक्ति त्यांत नाहीं. शिवाय अंतर दुप्पट झालें कीं जोर चौथाई उरतो. केंद्र सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांस आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लावली.

तथापि शंका अगदींच पोकळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०११ सालीं या लहरींस 'कदाचित् कर्करोगकारक' या वर्गांत घातलें. पक्षी व मधमाशा यांविषयीं केंद्रीय पर्यावरण खात्यानें २०१० सालीं समिति नेमली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तत्कालीन संचालक डॉ. असद रहमानी तिचे अध्यक्ष होते. तिनें सावधगिरीचाच सल्ला दिला. त्याच सालीं चंदीगडच्या पंजाब विद्यापीठांतील प्रयोग प्रसिद्ध झाला: परतणाऱ्या माशा घटल्या, राणीचें अंडीं घालणें मंदावलें. पण तेथें चालू मोबाईल प्रत्यक्ष मधपेटींत ठेविले होते! पेटींतला मोबाईल आणि शंभर हातांवरचा मनोरा एकाच मापानें कसे मोजावे?

आम्हांस विचाराल तर माशा गेल्या म्हणून मनोऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं फुलावर आलेल्या डोंगळ्यांवर भर सकाळीं कीटकनाशक कोणीं फवारलें, हें पाहावें. त्या विषानें माशा मरतात याबद्दल वाद नाहीं. मात्र एवढ्यावरून मनोरावाल्यास मोकळें सोडावें असेंही आम्ही म्हणत नाहीं.

दूरसंचार खात्यानें २०१७ सालीं 'तरंग संचार' ही व्यवस्था सुरू केली, तींत शुल्क भरून लहरींची मोजणी मागण्याचीही सोय ठेविली. कचेरींत आयुष्य घालविलेल्या माणसास तोंडी खात्री पुरत नाहीं. जागा देणारानें करारांतच लिहून घ्यावें: मनोरा सुरू झाल्यावर मोजणी, तिचा दाखला शेजाऱ्यांस खुला, सर्व हिस्सेदारांची लेखी संमति, आणि मुदत संपल्यावर पाया उखडून जमीन पूर्ववत् करण्याचा खर्च कंपनीचा. हें शेवटचें कलम पुष्कळजण विसरतात.